दुरुस्तीचे तीस तास

दोन वर्षं कॉलेजातल्या मीटिंगांना बसलो. काम झालं थोडं, किस्से साचले फार. मी चौथी शिकलेला पंपमेकॅनिक. तलासरीजवळच्या कॉलेजात अभ्यासक्रम ठरवायला मला बोलावलं राऊत बाईंनी. विभागाच्या मुख्य त्याच. पंपदुरुस्तीचे तीस तास अभ्यासक्रमात घालायचेच, असं त्यांच्या मनात होतं. पोरगं डिप्लोमा घेऊन घरी बसलेलं, आणि पंप बंद पडला की बाप फोन मला करतो, हे त्यांनी बघितलेलं.

*

पहिल्याच दिवशी फॉर्म आला. 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना. मी लिहिलं, चौथी. क्लार्क म्हणाला, काका, तज्ज्ञाला चौथी चालत नाही. म्हटलं, मग पाचवी लिही, माझं काय जातंय! शेवटी त्याने 'अनुभवी' लिहिलं आणि शिक्का मारला.

*

मग लॅब दाखवली. पंप चकचकीत, पण त्याच्या पोटात पाण्याचा थेंब कधी गेलेला नाही. पोरं तो उघडतात, भागांची नावं लिहितात, परत जोडतात. मी विचारलं, बिघडलेला कुठाय? तिथले सर म्हणाले, "बिघडलेला ठेवला तर तपासणीत कॉलेजचे मार्क कापतात, काका."

मग मीच चिखले गावच्या एका वाडीतून जळका पंप आणून दिला. शिपायाने दोनदा भंगारात काढला, बाईंनी दोनदा परत आणला.

*

प्रत्येक धड्यापुढे 'विद्यार्थी काय करू शकेल' ते लिहावं लागतं. एका सरांनी लिहिलं, विद्यार्थी पंपाचं महत्त्व सांगू शकेल. म्हटलं, कैनाड गावात पाण्यावाचून मिरची करपायला लागली की महत्त्व बायको सांगते, तुम्ही पंप चालू करायला शिकवा. सगळे हसले. वाक्य तसंच राहिलं.

*

बाईंच्या सांगण्यावरून मी शनिवारी पोरांना शिकवायचो. झरी गावच्या सुनीता वरठाच्या हातून बेरिंग फुटलं. मी ओरडलो. ओरडतोच मी. तिने पाना खाली ठेवला.

बाई मला बाहेर घेऊन गेल्या. "काका, तुमच्या हातून पहिलं कधी फुटलं?"

आठवत नाही म्हटलं. खोटं बोललो. उस्तादाने पाना फेकून मारला होता, भुवईत खूण आहे अजून.

पुढच्या मीटिंगला मी म्हटलं, फोडायलाही दोन तास धरा. कोणी लिहून घेतलं नाही.

*

अभ्यासक्रमाच्या मंजुरीला बाहेरून दोन-तीन साहेब आले. त्यातल्या मोठ्या साहेबांनी फाइल चाळली आणि दुरुस्तीचे तीस तास काढा म्हणाले. पोरांना सिद्धांत येऊ दे, दुरुस्तीला मेकॅनिक आहेत. बाईंचा चेहरा उतरला.

हे असं होणार, मला ठाऊक होतं. म्हणून सकाळीच जाऊन कॉलेजच्या पंपाची एक वायर सोडून ठेवली होती. बाईंना पत्ता नाही. जेवणाआधी मोठे साहेब हात धुवायला गेले तोवर टाकी संपलेली, नळ कोरडे. म्हटलं, मेकॅनिक कशाला, पोरांना बोलवा.

सुनीता आली. मेन स्विच बंद केला, स्टार्टरचा खोका उघडला, बॅटरी मारून बघत राहिली. मी मनात म्हणतोय, जोड गं वायर, पाणी येऊ दे.

तिने जोडली नाही. साहेबांकडे वळून म्हणाली, "सर, हा बिघडलेला नाही. स्क्रूवर ताजा ओरखडा आहे. कोणीतरी आजच सोडलीय वायर."

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मी सोडली," म्हटलं.

साहेब सुनीताकडे वळले. तिला विचारलं, ओरखडा बघायचा हे कोणी शिकवलं? तिने माझ्याकडे बोट केलं.

साहेबांनी हात न धुताच फाइल परत मागवली.