जाधव मॅडमची चूक

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि एरवी तिच्यापासून माझं काही लपत नाही.

शहराच्या लष्कर नावाच्या भागात आमची रक्त तपासायची लॅब. दोन जुन्या लॅब मिळून एक झाली, तेव्हा मी तिथला सगळ्यात जुना टेक्निशियन. आम्हा सगळ्यांची एक पक्की समजूत होती — साहेब चुकत नसतो. चूक झाली की ती उतरत उतरत खाली जाते आणि सगळ्यात खालच्या माणसाच्या गळ्यात पडते. यात काही वाईट आहे असंही कुणाला वाटत नसे. तुमच्याकडे फार वेगळं असतं का?

मग जाधव मॅडम मॅनेजर म्हणून आल्या. फौजी घराण्यातल्या, आवाज मात्र बारीक. पहिल्याच महिन्यात नळ्यांवरची लेबलं चुकली आणि दोन पेशंटांच्या रिपोर्टांची अदलाबदल झाली. थाटीपुरच्या एका पेन्शनर आजोबांना कळलं, शुगर भलतीच वाढली आहे. धसक्यानं दोन दिवस ते धड जेवले नाहीत. त्यांचा मुलगा काउंटरवर येऊन वाट्टेल ते बोलून गेला. आम्ही सवयीप्रमाणे बळीचा बकरा शोधू लागलो. रक्त काढणारी रेखा सगळ्यात नवी — नजरा तिच्याकडे वळल्या. मीही तिकडेच पाहिलं.

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, “ढूंढाढांड कशाला करता? नवी व्यवस्था मी लावली, जल्दी मी केली. गलती माझी आहे.”

आणि स्कूटर काढून माफी मागायला थेट थाटीपुरला गेल्या. आजोबांनी त्यांना चहा पाजला, चांगला गोड.

असं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. कुणाला उपदेश नाही, भिंतीवर सुविचार नाही — आणि लॅब बदलली. सकाळच्या चहाला लोक आपणहून सांगू लागले, काल माझं हे चुकलं. रेखा तर सगळ्यांच्या आधी. मीही सांगायचो — झाकण उघडं राहिलं, तारीख राहिली. बरेचदा बनवून सांगायचो.

आता मॅडम रिटायर झाल्यात आणि नया बाज़ारची शाखा मी सांभाळतो. नव्या लोकांना पहिल्या दिवशी त्यांची गोष्ट सांगतो. मोठा कोण, तर जो चूक स्वतःच्या अंगावर घेतो — हे मी मनापासून सांगतो, खरंच. परवा एका नव्या मुलीनं विचारलं, “सर, तो फिर मॅडम लेबल लावायला शिकल्या की नाही?”

सगळे हसले.

लेबलं मी लावली होती. मोबाइलवर मॅच बघत — दोन नळ्या, दोन नावं. आजोबांचा मुलगा बोलत होता तेव्हाच मला ते आठवलं होतं. आठवत असतानाच मी रेखाकडे पाहिलं. मॅडमना कळलं होतं का? ठाऊक नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. तेव्हापासून दर नव्या माणसाला ती चूक त्यांच्या नावानं मीच सांगत आलो आहे.

आणि परवा सगळ्यांबरोबर मीही हसलो.