लेझरच्या खोलीतले धक्के

प्रयोगशाळेत चार वर्षं काढली की आकडे वहीत मावतात, किस्से मावत नाहीत. बारामतीतल्या आमच्या कॉलेजात मी लेझरवर पीएच.डी. केली. काम सांगायला सोपं. काचेच्या चौकोनी नळीत रंगीत द्रावण भरायचं आणि त्यावर लेझरचा झटका द्यायचा. थोडा प्रकाश रासायनिक क्रियेत जातो, उरलेल्याची उष्णता होते. त्या उष्णतेनं द्रावण किंचित फुगतं आणि आवाज होतो! नळीला चिकटवलेला सेन्सर तो टिपतो. आवाजावरून उष्णता मोजायची, की क्रियेत किती ऊर्जा गेली ते कळतं.

\*

वडगाव निंबाळकरहून माझे वडील बघायला आले. स्क्रीनवरची लाट बघून म्हणाले, "आवाज कुठं हाय?"

"आबा, तो माणसाला ऐकू येत नाही."

"म्हंजी चार वर्षं तू हितं न ऐकू येणारं ऐकतीयास? आन् आमी घरात हाका मारल्या की म्हणतीस, ऐकू आलं न्हाय!"

\*

एकदा नुसत्या पाण्यातून, जिथं काहीच यायला नको, सिग्नल आला! आमचे गाइड, म्हणजे सर, जेवायचं विसरले. "नवा परिणाम दिसतोय," म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला तेव्हा मी सहज खिडकी उघडली. खाली उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वर कर्णा लावून गाणी. ट्रॅक्टर गेला, लाटही गेली.

"सर, तुमचा नवा परिणाम कारखान्याकडं चाललाय!"

\*

हा किस्सा मात्र हसायचा नाही. हातातलं स्टीलचं कडं न काढताच मी नळी सरळ करायला गेले. किरण कड्यावर आपटून उलटा फिरला. समोर सर उभे, गॉगल कपाळावर. त्यांच्या डोळ्यापासून चार बोटांवर, मागच्या काळ्या पडद्याला भोक पडलं, बारीक धूर निघाला.

आमचे शिपाई, जळोचीचे अत्तार मामा, पुढं आले आणि त्या भोकाभोवती खडूनं गोल काढला.

"हे शिवायचं न्हाय मॅडम. रोज दिसू दे."

कडं मी पुन्हा घातलं नाही.

\*

थिसिस जमा करायला महिना उरला होता. रोज आधी एका ठरलेल्या द्रावणावर लेझर मारायचा. ते सगळ्या प्रकाशाची उष्णता करतं, म्हणून आमचं द्रावण त्याच्याशी ताडून बघायचं. आणि आमच्या द्रावणात घातलेल्या प्रकाशापेक्षा जास्त उष्णता निघायला लागली!

"अगं, ही ऊर्जा आली कुठून?" सरांचा चेहरा पांढराफटक. असं होणं शक्यच नव्हतं. तीन आठवडे लेझर, भिंगं, सेन्सर सगळं तपासलं. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

शेवटी त्या ठरलेल्या द्रावणाची बाटली उजेडात धरली. काठोकाठ भरलेली!

"मामा, ही निम्मी होती ना?"

"व्हय. बाटली रिकामी दिसली की सर वरडत्यात. म्हणून मीच पाणी घालून भरली."

पातळ झालेल्या त्या द्रावणाची उष्णता कमी भरत होती, म्हणून आमची जास्त दिसत होती. सर स्टुलावर मटकन बसले. "मामा... पाणी?"

मामांचा चेहरा पडला.

"नळाचं न्हाय सर, फिल्टरचं घातलंय! एवढ्या वर्षांत तेवढं कळतंय की मला!"