नाकवाल्या काकांची अस्सल लोकर

गालिच्यांच्या कारखान्यात तीस वर्षं धागा पारखून काकांनी 'नाकवाले काका' हे नाव कमावलं होतं आणि ते मिरवतही असत. त्यांची पद्धत सोपी होती. धागा जाळायचा आणि वास घ्यायचा. केस जळल्यासारखा वास आला की लोकर, प्लास्टिकसारखा आला की नकली.

एकदा एक डॉक्टरीणबाई बैठकीच्या खोलीसाठी गालिचा करून घ्यायला आल्या. बाहेर स्वस्तात मिळालेल्या धाग्याची गुंडी त्यांनी पुढे ठेवली.

"ही लोकरच आहे ना, तेवढं बघा."

काका चष्मा घरी विसरले होते. पण नाकाला चष्मा कशाला? त्यांनी काडी ओढली, पेटता धागा नाकाशी नेला आणि ऐटीत डोळे मिटले. केस जळल्याचा वास दरवळला.

"अस्सल लोकर! माझं नाक कधी चुकत नाही."

"नाक बरोबर आहे हो," शेजारी धागे गुंडाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पण तुमची मिशी जळतेय."

काकांनी घाईघाईने मिशी विझवली. चिमटीतला धागा तोवर वितळून कडक काळा मणी झाला होता.

"बाई, धागा नकलीच आहे," काका ओशाळून म्हणाले. "अस्सल होती ती माझी मिशी."

हसून हसून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गालिच्यासाठी कारखान्यातलीच लोकर घ्यायचं ठरवलं, पण पारखायला मावशींना सांगितलं. काकांनी मुकाट्याने काडेपेटी मावशींच्या हाती दिली. वाटेत न्हाव्याकडे उरलेली मिशी उतरवून ते घरी गेले, तर बायकोने दार अर्धंच उघडून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"