अप्पांची विलायत

माझी थोरली बहीण मुंबईत नर्सिंग शिकली आणि लंडनमध्ये नर्सेस कमी पडतात म्हणून तिथल्या एका इस्पितळात नोकरीला गेली. स्वातंत्र्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. महिन्यातून एकदा तिचं पत्र आमच्या गावी, चौलला यायचं आणि अप्पा, म्हणजे आमचे वडील, ते ओटीवर बसून मोठ्याने वाचायचे. शेजारपाजारचे जमत. मासे घेऊन येणारी कोळीणही टोपली उतरवून ऐकत बसे.

अप्पा इंग्रजांच्या अमदानीत कस्टमात कारकून होते. इंग्रज गेले, तरी चहा बशीत ओतला की ते आम्हाला म्हणत, "साहेबाला हे चाललं नसतं."

मी गावच्या शाळेत शिकवत होते. एका रविवारी कपाट आवरताना ताईची पत्रं हाती लागली. तिने लिहिलं होतं, 'इथल्या मुलांचे केस माझ्याएवढे लांब आहेत. मुलींचे झगे गुडघ्याच्या वर गेलेत. गिटारवाल्यांचं गाणं ऐकताना दोघी बेशुद्ध पडल्या, त्या आमच्या वॉर्डात आल्या. एका मंत्र्याला बाईच्या भानगडीपायी खुर्ची सोडावी लागली.'

ओटीवर आम्ही ऐकलं होतं ते असं: मुलं अभ्यासू आहेत, मुलींचा पोशाख साधा आहे, लोकांना संगीताची आवड आहे आणि एक मंत्री प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त झाले.

"अप्पा, ताईने असं लिहिलेलं नाही."

"भाषांतरात थोडं इकडेतिकडे होतं."

"ती मराठीतच लिहिते."

"तरी पण," अप्पा म्हणाले आणि पत्रं परत कपाटात ठेवली.

पुढच्या वर्षी ताई रजेवर आली. केस कानापर्यंत कापलेले. अप्पांनी ते पाहिले आणि प्रवास कसा झाला, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी कोळणीने ताईला गाठलं.

"तिकडची पोरं लई शिस्तीची हायत म्हणं?"

ताईने अप्पांकडे पाहिलं. अप्पा सुपारी कातरत होते.

"हो, फार शिस्तीची," ताई म्हणाली.

त्या दिवशी जेवताना तिने अप्पांना इस्पितळाबद्दल सांगितलं. औषधपाणी फुकट, सगळ्यांना. मोठा साहेब आला तरी त्याला हमालाच्या मागे रांगेत बसावं लागतं.

"साहेबाला?" अप्पांचा हात ताटातच थांबला. "आणि तो बसतो?"

"बसतो. पेपर वाचत बसतो."

अप्पांना हे इतकं आवडलं की सकाळी ओटीवर त्यांनी ते सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं, एक शब्दही न बदलता.

कोळीण टोपली डोक्यावर घेत उठली. "न्हाय हो अप्पा," ती म्हणाली, "आता काय बी सांगू नका."