प्लास्टिकचे गोंडे

मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा भातकापणी चालू होती. रिक्षा दारात आली तशी शेजारची भागीकाकी हातातला विळा तसाच घेऊन शेतातून धावत वर आली. आई तिला म्हणाली, "अगो, विळा खाली ठेव. पोर कामाला चाललीय, लढाईला नाही." सगळ्याजणी हसलो आणि माझं रडायचं राहूनच गेलं. पुढे आई गेली, दादा मुंबईला स्थिरावला, घराला कुलूप लागलं.

पुण्यात आमच्या सोसायटीत दाराला ताज्या फुलांचं तोरण लावायला मनाई आहे. कचरा होतो म्हणे. लॉबीत प्लास्टिकचा झेंडू बारा महिने लटकतो. गणपतीच्या आधी वॉचमन तो साबणाच्या पाण्यात बुचकळून काढतो. ते मला बघवत नाही. तरी मनाशी म्हणायचे, असू दे, आपलं खरं दार रत्नागिरीला आहे, मिरजोळ्याच्या पुढे.

यंदा नवान्न पौर्णिमेला रजा टाकून गेले. त्या दिवशी आमच्याकडे दाराला नवं बांधतात. भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचा तुरा आणि गोंड्याचं फूल, म्हणजे झेंडूच, अशी ती जुडी. वाटेत आधी काकीचं घर लागतं. बघते तर पडवीच्या खांबाखांबाला प्लास्टिकचे गोंडे! भडक नारिंगी, धुळीने मळलेले, त्यांत कोळ्यांची जाळी. चौकटीवरचं नवंसुद्धा प्लास्टिकचं, सोनेरी रंग फासलेल्या दाण्यांचं. आणि अंगणाखाली खरं भात कापून पसरलेलं. मला अक्षरशः शिसारी आली.

काकी पायरीवर बसून पायाचा चिखल काढत होती.

"काकी, हे काय ओंगळ लावलंयस?"

"काय करू बाय? माकडा काय ठेवीत नाय. कळी दिसली का खुडलीच. खालचं शेत डुकरांनी लोळवलानी. कापायला माणूस मिळत नाय, मग अर्धं हिरवंच कापून घेतलं." मग माळांकडे बघून म्हणाली, "ही फुलां तुझ्या दादान् आणलान. गणपतीत सगळ्या वाडीला वाटलान. प्रेमानं दिलेलं काढू कसं?"

माझा दादा! याच मातीत वाढलेला माणूस, आणि गावाला न्यायला त्याला हा उकिरडा सुचला. सगळ्या वाडीच्या पडव्या बाटवल्या त्याने. मी तिरीमिरीत एक माळ ओढायला गेले, तर काकीने हात धरला.

"आधी तुमच्या घराकडं जाऊन ये."

गेले. कुलूपबंद दारावर नवं बांधलेलं होतं. हिरवट लोंबी, कुरडू, आंब्याचं पान आणि दोन टपोरे गोंडे, खरे, वासाचे. मी तशीच परत आले.

"तुझ्या दाराला खोटं आणि आमच्या दाराला खरं?"

"दोनच फुलां वाचली होती," ती म्हणाली. "आमच्या दारात आम्ही हाव रोज. तुमच्या दारात कोण हाय?"

गाव सोडून गेलेल्यांनो, दादा, तूही, हे वाचताय ना? आपण गावाला जे दिलं ते तिच्या पडवीत लटकतंय. त्याची मला किळस येते, आणि आपलीही येते. गावी आमचं घर आहे असं मी अजून लोकांना सांगते. तिथे नुसतं एक बंद दार आहे. भागीकाकी त्याला घर मानते, तोवरच ते घर आहे.