पूर्णगडचे शटल

रत्नागिरीत घरोघर जाऊन शिवणाची मशीने दुरुस्त करणारा तो गृहस्थ माणसांची विचारपूस कधी करीत नसे. आला की चाकावर तळवा ठेवी, कान जवळ नेई आणि म्हणे, "तेल मागतंय हो."

आमच्या जुन्या मशीनचे खालच्या दोऱ्याचे होडीसारखे शटल मोडले, तेव्हा त्याने मशीनवरची पाटी पुसून नंबर वाचला. "ह्याचे भाग आता मुंबईहूनही येत नाहीत. असंच एक मशीन पूर्णगडास आहे. तिथल्या काकू अंथरुणाला खिळल्यात. थांबा जरा." आढीतल्या आंब्यांविषयी बोलावे तसे तो बोलला.

गणपतीनंतर कागदाच्या पुडीत तो शटल घेऊन आला. काकूंचे काय झाले, ते आम्ही विचारले नाही. मशीन सुरेख चालू लागले.

पुढल्या वर्षी माझ्या बायकोचा खोकला हटेना, रोज संध्याकाळी ताप भरू लागला. एक दिवस तो न बोलावता आला. मशीनला तेल घातले, शटल काढून फडक्याने पुसले, परत बसवले. मग उंबऱ्याशी थांबून हळूच म्हणाला,

"वहिनींची तब्येत काय म्हणते हो?"