डावा हात

बाबांच्या गाडीला दोन हात होते. तिरोडीच्या मँगनीज खाणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना बाबांनी ती त्याच्याकडून घेतली, तेव्हाच ती जुनी होती. वळायचं असलं की बटण दाबायचं. मग दारांमधल्या खांबातून वीतभर पिवळा दांडा बाहेर येई आणि त्यात दिवा लागे. उजवा हात आज्ञाधारक होता. डावा मात्र खांबावर आतून बुक्की बसल्याशिवाय हलत नसे.

बुक्की मारणं माझं काम. शाळेत होते तेव्हापासून मी मागच्या सीटवर डावीकडे बसत आले. बाबा म्हणत, "हात!" आणि मी बुक्की मारी. पुढे कॉलेजात इतिहास शिकवायला लागले, तरी रविवारी बालाघाटहून बाबांच्या मित्राकडे लामत्याला जाताना माझी जागा तीच राहिली.

ऐंशी सालानंतर रस्त्यावर ट्रक फार वाढले. एका रविवारी वैनगंगेच्या पुलाअलीकडे आमचा हात बाहेर होता, दिवाही लागला होता, तरी मागचा ट्रक मडगार्ड घासून गेला. ड्रायव्हर उतरून अदबीने म्हणाला, "बाबूजी, मैं समझा दरवाजे का हैंडल टूट के लटक गया है."

घरी आईने निकाल दिला. "लुकलुकणारी बत्ती लावा, नाहीतं गाडी विका. गाडीचा हात बाहेर, तुमचा हात स्टेरिंगवर, मंग जीव कोणाच्या हातात?"

बाबांना गाडीही हवी होती आणि हातही. त्यांनी नागपूरहून जुन्या गाड्यांच्या एका जाणकाराला बोलावून घेतलं. गृहस्थ गळ्यात रेशमी रुमाल आणि खिशात भिंग घेऊन आले. त्यांच्याकडे थंडीत जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती आणि कोणी मंत्री फीत कापणार होते. भिंगातून त्यांनी गाडीचा गंजसुद्धा आदराने पाहिला. "यातलं काही बदलू नका. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल! तशीच राहिली तर पहिल्या रांगेत उभी करू," असं फर्मावून चहा घेतला. गाडी चालते का, हे विचारलं नाही.

बाबांना जोर आला. मडगार्ड ठोकायला गाडी गोंदिया रोडवरच्या मिस्त्रीकडे देताना ते म्हणाले, "सगळं ओरिजिनलच पाहिजे बरं."

"हौ बाबूजी. डुप्लिकेटले मी हातच नाही लावत."

आता, बालाघाटात ओरिजिनल म्हणजे कंपनीच्या सीलबंद डब्यातलं. बाबांनी जन्मभर सरकारी परिपत्रकांचे अर्थ लावले होते, पण हा अर्थ त्यांच्या ध्यानात आला नाही. शिवाय आईने बत्तीचा निरोप परस्पर मिस्त्रीकडे धाडला होता, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

चार दिवसांनी आम्ही गेलो, तर गाडीला पुढेमागे चार चकचकीत बत्त्या. खांबातल्या फटी पत्र्याने बंद. दोन्ही हात पेपरात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलेले.

"डब्बा पाहा न बाबूजी, ओरिजिनल! हे जुनं भंगारवाला मांगत होता, मी नाही देल्लं."

बाबांनी चावी घेतली. घराकडे निघालो. डावं वळण आलं तशी त्यांनी सवयीने हाक दिली, "हात!" मीही सवयीने बुक्की मारली. पत्रा पोकळ वाजला. बत्ती कधीची लुकलुकत होती. त्या गाडीत पहिल्यांदाच मला काही काम नव्हतं.

बाबांनी गाडी कडेला घेतली.

"बत्ती चांगली आहे," ते म्हणाले.

"चांगलीच आहे."

"तुह्या आईले पण पटलं हे."

"हौ."

"मंग?"

इतिहास शिकवणाऱ्याला दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण मांडीवर पेपरातले हात घेऊन मला एकही बाजू सुचेना. "बत्ती राहू द्या," मी म्हटलं, "अन् हातही राहू द्या."

बाबांनी तिथूनच गाडी वळवली.

"दोन्ही?" मिस्त्री चकित झाला. "एका वळणाले दोन इशारे काहून, बाबूजी?"

"एक ट्रकवाल्याले, एक मले."

पत्रा काढून तो हात परत बसवू लागला. डावा हातात घेऊन म्हणाला, "याची स्प्रिंग ढिली आहे. पाच मिनिटांचं काम. करून टाकू?"

इतकी वर्षं मी बुक्क्या मारत होते ते पाच मिनिटांच्या कामासाठी! बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहत राहिले.

"राहू दे," बाबा म्हणाले.

मिरवणुकीआधी नागपूरचे गृहस्थ पुन्हा आले. बत्त्या पाहून त्यांनी भिंग खिशातून काढलंच नाही. "आता ही ओरिजिनल राहिली नाही," ते सुतकी आवाजात म्हणाले.

"माझे दातही नाही राहिले," बाबा म्हणाले. "चालतं."

मिरवणुकीच्या रविवारी आम्ही लामत्याला गेलो. बत्त्या लागल्यामुळे आईही पुढे बसली होती. गावाच्या वळणावर बाबा ओरडले, "हात!" मी बुक्की मारली.

आई दचकून मागे वळली. "बत्ती आहे न आता? मंग पोरीले मारायले लावता काहून?"

"ते ओरिजिनल आहे," बाबा म्हणाले.